कोड सोडला की बढती

2006 साली नोकरीला लागले तेव्हा पहिले तीन महिने मी बेंचवर होते. बेंचवर म्हणजे पगार चालू, पण प्रोजेक्ट नाही. संध्याकाळी घरी आले की आई विचारायची, "आज काय काम केलंस गं?" मी सांगायचे, "वाट बघितली." ही नोकरी नेमकी कशाची, ते घरच्यांना कळायला बरीच वर्षं लागली. खरं तर मलाही.

पुण्याला आयटी म्हटलं की हिंजवडी आठवते, पण या धंद्याची पाळंमुळं त्याआधीची. इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झाली आणि दोन वर्षांनी बंगळूरला गेली. पुणेकर अजून त्याबद्दल हळहळतात. त्याच 1981 मध्ये टाटांचं संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, इथे उभं राहिलं. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली, तेव्हा 1988 मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' तयार झाला. पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी 1990 ची. राज्यात वसंतदादा पाटलांच्या सरकारने 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिलं. त्या निर्णयावर टीका करायला जागा आहे, पण पुढच्या भरतीला मनुष्यबळ त्याच कॉलेजांनी पुरवलं हे नाकारता येत नाही.

मग वायटूके आलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवण्यासाठी सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. 2000 उजाडलं की '00' म्हणजे 1900 असं यंत्राने समजायचं, अशी ती भीती. लाखो ओळींचा कोबोल कोड कुणीतरी डोळ्यांखालून घालायला हवा होता. मराठी घरांतल्या कितीतरी मुलांचा पहिला पासपोर्ट त्यासाठी निघाला.

आपल्या करिअरचा साचाही तिथेच पडला. गिऱ्हाईक माणसांच्या तासांचे पैसे देणार, म्हणून खाली फ्रेशरची फौज आणि वर मोजके मॅनेजर. वर चढायचं तर डेव्हलपर, सीनिअर, टीम लीड, मॅनेजर. सहा-सात वर्षांत एडिटर बंद व्हायचा आणि एक्सेल उघडायचं. लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका. "ऑनसाइट जाऊन आलाय, हाताखाली वीस जण आहेत" म्हटलं की स्थळ पक्कं. दहा वर्षांनीही कोड लिहिणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याला त्याच्या सासऱ्यांनी काळजीने विचारलं होतं, "अजून कोडिंगच करता? बढती नाही झाली?" कसब सोडलं की बढती, हे आमच्या धंद्याने इतकं अंगवळणी पाडलं की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलंच नाही.

मला ते कसब शिकवलं एका आडनावाने. पहिल्या प्रोजेक्टमध्ये ग्राहकाचं नाव शोधायचा एक स्क्रीन मी लिहिला होता. टेस्टिंगमध्ये पास झाला. लाइव्ह गेल्यावर चौथ्या दिवशी मध्यरात्री फोन आला की ओ'कॉनर बाईंची पॉलिसी सापडत नाही, स्क्रीन कोसळतो. डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत नाव एकेरी अवतरणचिन्हांत असतं. त्या आडनावातलं 'ओ'नंतरचं चिन्ह यंत्राने शेवटचं अवतरण मानलं आणि पुढची अक्षरं त्याला निरर्थक वाटली. मी आज्ञा तुकडे जोडून तयार केली होती. नाव वेगळं, पॅरामीटर म्हणून द्यायला हवं होतं. याच फटीतून चोरही शिरू शकतो, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. सीनिअर रागावले नाहीत. म्हणाले, "हा एक दुरुस्त कर, आणि सकाळपर्यंत असे अजून किती आहेत ते मला सांग." चौदा निघाले. त्या रात्रीत मी कॉलेजच्या चार वर्षांपेक्षा जास्त शिकले.

म्हणून सपोर्टचं, म्हणजे लाइव्ह गेलेली सिस्टिम सांभाळायचं काम हलकं, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. विमा कसा चालतो, बँकेचा दिवस कसा बंद होतो, पैसे कुठे अडकतात, हे सपोर्टवाल्याला कळतं. दर पाच-सात वर्षांनी भाषा आणि टूल बदलतात. विम्याचं गणित फारसं बदलत नाही. 'सहा महिन्यांत फुल स्टॅक'च्या पाट्या लावणारे क्लास हे सांगत नाहीत. सी-डॅकचा डॅक अभ्यासक्रम मात्र मेकॅनिकल-इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनाही या वाटेवर आणत आलाय, तो दिवसरात्र घासून घेतो म्हणून.

आता साचाच तडकतोय. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. फ्रेशरला देत होतो ते पुष्कळसं काम आज यंत्र लिहून देतं. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, आणि त्यांत रोख मधल्या-वरच्या फळीवर होता. सप्टेंबरात अमेरिकेने नव्या एच-1बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. खालच्या टोकाला, घाऊक भरतीचा पगार दीड दशकापूर्वी वर्षाला तीन-सव्वातीन लाख होता, तो अजूनही साडेतीनच्या आसपास घुटमळतोय. हिंजवडीजवळच्या वाकडच्या घरभाड्याने एवढा संयम दाखवलेला नाही.

मी अलीकडे मुलाखती घेते. चाळिशीतला माणूस येतो, पंधरा वर्षांचा अनुभव, बोलणं छान. मी म्हणते, स्क्रीन शेअर करा, हा यंत्राने लिहिलेला कोड आहे, यात काय चुकलंय सांगा. तो बराच वेळ पाहत राहतो. मग म्हणतो, "हँड्स-ऑन सुटून आठ वर्षं झाली, मॅडम." दोष त्याचा एकट्याचा नाही. तिथून वर जायचा दुसरा जिना कंपनीने त्याला कधी दाखवलाच नव्हता.

यंदा कॅम्पसला बसणाऱ्यांना एवढंच सांगेन: पगार विचाराल तो विचाराच, पण काम कोणत्या धंद्यातलं असेल आणि तुमचा कोड कोण तपासेल, हेही विचारा. आणि बॉण्ड असेल तर सही करण्याआधी घरी नेऊन वाचा.