हायड्रॉलिक क्लचचा मऊ पडलेला लिव्हर

हायड्रॉलिक क्लच म्हणजे लिव्हरवरील बोटांचा दाब तारेऐवजी नळीतील द्रवाने क्लचपर्यंत पोहोचवणारी रचना. मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, नागपूरहून पचमढीकडे निघालेल्या टूरिंग मोटरसायकलचा लिव्हर मऊ पडून गिअर अडखळू लागले, की दोष सहसा उन्हाला किंवा झिजलेल्या प्लेट्सना दिला जातो. परंतु प्लेट्स झिजल्यास क्लच घसरतो, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढूनही वेग वाढत नाही, आणि ताजा डॉट ४ द्रव (ब्रेकमध्येही वापरला जाणारा) २३० अंशांखाली उकळत नाही. खरे कारण बहुधा नळीत शिरलेली हवा असते. सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला की दट्ट्या आधी तोच दाबतो, तसे येथे घडते. ब्लीडिंग (हवा बाहेर काढणे) करण्यापूर्वी स्लेव्ह सिलिंडर (क्लचला ढकलणारा दट्ट्या असलेले नळकांडे) गळत नाही ना, हे पाहावे. काही गाड्यांत मात्र खनिज तेल असते, त्यांत डॉट ४ घातल्यास रबरी सील खराब होतात.