ट्रायकोपोडा पेनिपेस : एका रंगीत परोपजीवी माशीचे निरीक्षण व छायाचित्रण

प्रस्तावना :
कीटकाचे छायाचित्र हे केवळ सौंदर्याची नोंद नसते. योग्य रीतीने घेतल्यास ते त्याच्या जीवनक्रमाचा पुरावा ठरते. उत्तर अमेरिकेत आढळणारी ट्रायकोपोडा पेनिपेस ही माशी याचे उत्तम उदाहरण होय. टॅकिनिडी कुलातील या माशीचे शास्त्रीय वर्णन फॅब्रिशियस याने १७८१ मध्ये केले.

ओळख :
आकाराने ही साधारणतः घरमाशीएवढी असते. वक्ष मखमली काळे, उदर नारिंगी आणि मागील पायांवर पिसासारख्या काळ्या केसांची झालर, ही तिची ठळक लक्षणे होत. मादीच्या उदराचे टोक काळसर असते. रंगामुळे ती प्रथमदर्शनी गांधीलमाशीसारखी भासते; परंतु पंखांची एकच जोडी असल्याने ती माशी असल्याचे स्पष्ट होते.

जीवनक्रम :
प्रौढ माशी फुलांतील मकरंदावर जगते. मादी मात्र भोपळावर्गीय पिकांवरील ढेकण्या आणि हिरवा ढेकण्या यांच्या शरीरावर अंडी चिकटवते. हिरव्या ढेकण्याच्या नराने सोडलेल्या गंधावरूनच ती त्याचा माग काढते. अळी अंड्यातून थेट यजमानाच्या शरीरात शिरते. अंडी अनेक असली तरी सामान्यतः एकच अळी पूर्ण वाढते. वाढ पूर्ण होताच ती बाहेर पडून जमिनीत कोषावस्थेत जाते आणि यजमान मरतो.

छायाचित्रण :
रानगाजरासारख्या फुलांवर माशी मकरंद घेत असताना हळूहळू जवळ जावे. अंगाची सावली तिच्यावर पडू देऊ नये. वरून घेतलेल्या चित्रात उदर व पंख, तर बाजूने घेतलेल्या चित्रात पायांची झालर स्पष्ट यावी. स्थळ, दिनांक व वनस्पती यांची नोंद आवश्यक आहे. जवळच्या ढेकण्यांचेही छायाचित्र घ्यावे. त्यांच्या अंगावरील फिकट, लंबगोल अंडी हा परोपजीवनाचा दृश्य पुरावा होय. मात्र या प्रजातीतील इतर जाती दिसण्यात जवळच्या असल्याने, लक्षणे अस्पष्ट असल्यास ओळख ‘ट्रायकोपोडा’ या प्रजातीपर्यंतच मर्यादित ठेवणे शास्त्रशुद्ध ठरते.

निष्कर्ष :
अंडी चिकटलेला ढेकण्या जिवंत दिसला तरी त्याचा अंत बहुधा ठरलेला असतो. अशा वेळी सरसकट कीटकनाशक फवारल्यास किडीबरोबर तिचा नैसर्गिक शत्रूही नष्ट होतो. म्हणून माशी व तिचा यजमान या दोहोंची एकत्रित नोंद अभ्यासकाइतकीच शेतकऱ्यालाही उपयुक्त आहे.