फायरवॉल सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण व त्यानंतरचे विन्यासदोष : निदान आणि निराकरण

सारांश

महाविद्यालयाच्या संगणक-जालाचे रक्षण करणाऱ्या फायरवॉलचे सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे लागते. मात्र अद्ययावतीकरणानंतर पूर्वी सुरळीत चालणाऱ्या सेवा बंद पडणे, अथवा बंद असावयाचे मार्ग नकळत उघडे राहणे, असे दोष उद्भवतात. हे दोष बहुधा यंत्राचे नसून विन्यासाचे, म्हणजे कॉन्फिगरेशनचे असतात. प्रस्तुत लेखात या दोषांचे प्रकार, त्यांची कारणे, निदानाचा क्रम आणि पूर्वतयारी यांचे विवेचन केले आहे.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाचे कामकाज आता महाजालावर अवलंबून आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना परीक्षेच्या प्रश्नपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने मिळतात. २०१७ पासून विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे मूल्यांकन संगणकाच्या पडद्यावर करण्यास आरंभ केला. प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, ग्रंथालयाची नियतकालिके ही सर्व कामे त्याच एका जोडणीवरून होतात. परीक्षेच्या दिवशी सकाळी ही जोडणी अडली, तर तो तांत्रिक प्रश्न राहत नाही. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न होतो.

गुहागर तालुक्यातील हेदवीसारख्या गावातून पाहिले असता या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. दशभुज लक्ष्मीगणेशाचे मंदिर आणि बामणघळ यांमुळे हे गाव सर्वदूर परिचित असले, तरी संगणक-जालाचा जाणकार येथे हाकेच्या अंतरावर नसतो. चिपळूण वा रत्नागिरीहून तो येईपर्यंत दिवसाचा मोठा भाग निघून जातो. पावसाळ्यात वीज व तारा यांचीही शाश्वती नसते. अशा ठिकाणी प्राथमिक निदान संगणक प्रयोगशाळेची जबाबदारी असलेल्या प्राध्यापकासच करावे लागते. म्हणून या विषयाची तोंडओळख सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांस असणे उपयुक्त आहे.

२. फायरवॉलची संकल्पना

फायरवॉल म्हणजे दोन संगणक-जालांच्या सीमेवरील नाका होय. माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपाने प्रवास करते. प्रत्येक पॅकेटावर ते कोठून निघाले, कोठे जावयाचे आणि कोणत्या सेवेसाठी, म्हणजे कोणत्या पोर्टावर, याची नोंद असते. फायरवॉल ही नोंद नियमांच्या यादीशी ताडून पाहते आणि पॅकेट पुढे सोडते अथवा टाकून देते. कोणताच नियम लागू न झाल्यास काय करावयाचे, हे ‘मूळ धोरण’ ठरविते.

लिनक्समध्ये २००१ साली आलेल्या २.४ या आवृत्तीपासून ‘आयपीटेबल्स’ ही व्यवस्था रूढ झाली. २०१४ साली ३.१३ या आवृत्तीत ‘एनएफटेबल्स’ ही नवी व्यवस्था दाखल झाली. फ्रीबीएसडीवर आधारलेली ‘पीएफसेन्स’ आणि २०१५ साली तिच्यातून निघालेली ‘ओपीएनसेन्स’ या प्रणालीही शिक्षणसंस्थांत वापरल्या जातात. या सर्वांत एक गोष्ट समान आहे : नियम मनुष्य लिहितो, आणि त्यांचा अर्थ सॉफ्टवेअर लावते. अद्ययावतीकरणात नियम तेच राहतात. अर्थ लावणारा बदलतो. बहुतेक दोषांचे मूळ येथे आहे.

३. अद्ययावतीकरण टाळता येईल काय?

‘चालते आहे, तर हात लावू नये’ हा विचार स्वाभाविक असला तरी धोक्याचा आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रणालीने जगभरातील संगणक-जाले निकामी केली. मर्स्क समूहाच्या व्यवहारांस फटका बसल्याने आपल्याकडील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. ही प्रणाली अंतर्गत जालात पसरण्यासाठी इतर मार्गांबरोबर विंडोजमधील ज्या त्रुटीचा उपयोग करीत होती, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांच्याकडे हा मार्ग उघडा होता. तेव्हा अद्ययावतीकरण करावे की नाही हा प्रश्नच नाही. ते कसे करावे, हा खरा प्रश्न आहे.

४. दोषांचे प्रकार

(अ) लेखन तेच, अर्थ वेगळा. सिस्कोच्या एएसए फायरवॉलची ८.३ ही आवृत्ती २०१० साली आली. तोपर्यंत बाहेरून आत येणाऱ्या वाहतुकीच्या नियमांत सर्व्हरचा बाह्य, रूपांतरित पत्ता लिहिला जाई. या आवृत्तीपासून त्याचा खरा, अंतर्गत पत्ता लिहावा लागू लागला. जुन्या सवयीने लिहिलेला नियम वाचताना बिनचूक दिसे, पण तो कोणत्याच पॅकेटास लागू होत नसे. त्याच वर्षी ओपनबीएसडीच्या ४.७ या आवृत्तीत पत्ता-रूपांतराचे नियम लिहिण्याची पद्धतच बदलली. तेथे जुनी फाइल स्वीकारलीच जात नसे. दुसरा दोष अधिक ठळक, म्हणून कमी घातक होय.

(आ) दोन नियमसंच एकाच वेळी कार्यरत असणे. जुलै २०१९ मधील डेबियन १० पासून ‘आयपीटेबल्स’ ही आज्ञा पडद्यामागे एनएफटेबल्सची यंत्रणा वापरू लागली. जुनी यंत्रणाही ‘लेगसी’ या नावाने उपलब्ध राहिली. परिणामी काही नियम जुन्या, तर काही नव्या यंत्रणेत भरले जाण्याची शक्यता निर्माण झाली. पॅकेटास दोन्ही नाके ओलांडावे लागतात. एका ठिकाणी मिळालेली परवानगी दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. प्रशासक एका यादीत परवानगीचा नियम पाहतो आणि वाहतूक तर अडलेली असते. अशा वेळी दोन्ही याद्या तपासणे आवश्यक ठरते.

(इ) नावे बदलणे. फायरवॉलच्या आतील व बाहेरील नेटवर्क कार्डांस पूर्वी ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी नावे असत. २०१३ साली सिस्टिमडीने कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली. प्रणाली नव्याने बसविली असता कार्डाचे नाव बदलते, परंतु नियमांत जुनेच नाव राहते. अस्तित्वात नसलेल्या कार्डाचा नियम आयपीटेबल्स विनातक्रार स्वीकारते. नियम यादीत दिसतो, पण त्याला काम उरलेले नसते.

(ई) गृहीत मूल्ये बदलणे. लिनक्सच्या २०१६ मधील ४.७ या आवृत्तीपासून एफटीपीसारख्या सेवांची दुय्यम जोडणी आपोआप ओळखणारी साहाय्यक यंत्रणा मुळात बंद ठेवण्यात आली. ती आता नियमाद्वारे स्पष्टपणे जोडावी लागते. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ चे उदाहरण अधिक बोलके आहे. या आवृत्तीत ‘इटीसी’ निर्देशिकेतील ‘सिसक्टल.कॉन्फ’ ही फाइल प्रणाली सुरू होताना वाचली जात नाही. तिच्यातील नोंदी ‘सिसक्टल.डी’ या निर्देशिकेत हलवाव्या लागतात. पॅकेट एका कार्डाकडून दुसऱ्याकडे सोडण्याची अनुमती अनेकांनी याच फाइलमध्ये लिहिलेली असते. त्यामुळे फायरवॉलचा एकही नियम चुकलेला नसताना संपूर्ण महाविद्यालयाचे महाजाल बंद पडू शकते.

(उ) नाका उघडाच राहणे. वरील दोषांत काहीतरी अडते, म्हणून तक्रार येते. याउलट नियमांच्या फाइलमध्ये एक जरी लेखनदोष असला, तरी एनएफटेबल्स संपूर्ण फाइल नाकारते. प्रणाली नुकतीच सुरू झालेली असेल, तर एकही नियम लागू नसतो आणि सर्व वाहतूक मोकळी राहते. तसेच आयपीटेबल्सचे नियम केवळ आयपीव्ही४ साठी असतात. अद्ययावतीकरणानंतर आयपीव्ही६ सुरू झाले आणि त्याचे नियम लिहिलेले नसले, तर शेजारचा दरवाजा उघडा राहतो. या प्रकारात वापरकर्त्यास सर्व काही उत्तम चाललेले दिसते. त्यामुळे हा दोष सर्वांत घातक मानावा लागेल.

५. निदानाचा क्रम

दोष दिसताच नियम बदलण्याचा मोह आवरावा. प्रथम आहे त्या स्थितीची प्रत जतन करावी आणि कोणास, कोणत्या सेवेत, केव्हापासून अडचण येते याची नोंद करावी. त्यानंतरचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

पहिली पायरी : नियम लागू झाले आहेत काय? सेवेची स्थिती व प्रणालीच्या नोंदी पाहाव्यात. लेखनदोष असल्यास तेथे ओळीचा क्रमांक मिळतो. अद्ययावतीकरणाच्या वेळी फाइलची नवी आवृत्ती जुनीशेजारी ठेवलेली असते. डेबियनमध्ये तिच्या नावास ‘डीपीकेजी-डिस्ट’, तर रेड हॅटच्या परंपरेत ‘आरपीएमन्यू’ हे शेपूट असते. दोहोंतील फरक वाचल्यास पुष्कळदा कारण तेथेच सापडते.

दुसरी पायरी : अडथळा कोणत्या टप्प्यावर आहे? प्रयोगशाळेतील संगणकावरून फायरवॉलचा आतील पत्ता, मग बाहेरील एखादा अंकी पत्ता, आणि शेवटी संकेतस्थळाचे नाव या क्रमाने चाचणी घ्यावी. अंकी पत्ता मिळतो पण नाव मिळत नाही, असे असल्यास दोष डीएनएसकडे आहे.

तिसरी पायरी : पॅकेट कोठे हरवते? ‘टीसीपीडम्प’ या साधनाने दोन्ही कार्डांवरील वाहतूक पाहता येते. पॅकेट आतील कार्डावर आले, पण बाहेरील कार्डावरून निघाले नाही, तर नियम अथवा पुढे सोडण्याची अनुमती तपासावी. ते निघाले, पण त्यावर ‘१९२.१६८’ने आरंभ होणारा खाजगी पत्ता तसाच राहिला, तर पत्ता-रूपांतराचा नियम लागू होत नाही. योग्य पत्त्यासह निघूनही उत्तर येत नसेल, तर दोष बहुधा आपल्या सीमेबाहेरचा असतो.

चौथी पायरी : कोणता नियम अडवितो? प्रत्येक नियमास किती पॅकेटे लागू झाली याची मोजणी फायरवॉल ठेवू शकते. एनएफटेबल्समध्ये ती नियमात मागावी लागते. चाचणी घेताना ज्या नियमाचा आकडा वाढतो, तोच कारणीभूत. ज्याचा आकडा शून्यावरच राहतो, त्याच्यातील कार्डाचे नाव वा पत्ता पाहावा.

चाचणी नेहमी नव्या जोडणीने घ्यावी. आधीपासून चालू असलेली जोडणी जुन्या परवानगीवर टिकून राहते आणि दिशाभूल करते. एका वेळी एकच बदल करावा. ‘सर्व नियम पुसून पाहू’ हा उपाय तर कटाक्षाने टाळावा. आयपीटेबल्समध्ये नियम पुसले तरी मूळ धोरण पुसले जात नाही. ते ‘अडवा’ असे असल्यास उरलेली वाहतूकही थांबते, आणि दूरवरून काम करणाऱ्या तंत्रज्ञाचा स्वतःचाच मार्ग बंद होतो. हेदवीत असलेल्या यंत्रावर पुण्याहून काम चालले असेल, तर याचे मोल सहज ध्यानात येईल.

एका फसव्या लक्षणाचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. संकेतस्थळ उघडते, प्रवेशही होतो, परंतु मोठी फाइल चढविताना काम गोठते. पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत पॅकेटाची कमाल लांबी १५०० ऐवजी १४९२ बाइट असते. ‘पॅकेट मोठे आहे’ असे कळविणारे आयसीएमपी संदेश नव्या नियमांनी अडविले, तर पाठविणाऱ्यास ते कळतच नाही. हे संदेश मोकळे सोडणे आणि टीसीपी खंडाची कमाल लांबी १४५२ बाइटपर्यंत मर्यादित करणे, हा त्यावरील उपाय होय.

६. तक्रार आली नाही म्हणजे दोष नाही काय?

ऑस्ट्रेलियातील ऑप्टस या दूरसंचार कंपनीने १८ सप्टेंबर २०२५ रोजी फायरवॉलचे अद्ययावतीकरण केले. त्यानंतर सुमारे १३ तास दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया व नॉर्दर्न टेरिटरी येथून आपत्कालीन क्रमांकावर केलेले शेकडो कॉल पोहोचू शकले नाहीत. काही मृत्यूंचा संबंध या बिघाडाशी जोडला गेला. सामान्य कॉल मात्र सुरळीत होते. म्हणून एकूण वाहतुकीच्या आकड्यांवरून संकटाची चाहूल लागली नाही.

यातील बोध महाविद्यालयासही लागू आहे. अद्ययावतीकरणानंतर दोन-चार परिचित संकेतस्थळे उघडून ‘सर्व ठीक’ असा निर्वाळा देणे पुरेसे नाही. क्वचित वापरली जाणारी, पण अडल्यास मोठी हानी करणारी सेवाच तपासणीत प्रथम असावी. अशा सेवा कोणत्या, हे तंत्रज्ञास ठाऊक नसते. ते परीक्षा विभागास, ग्रंथपालास, कार्यालयास आणि विभागप्रमुखांस ठाऊक असते.

७. पूर्वतयारी

अद्ययावतीकरणापूर्वी विन्यासाची प्रत फायरवॉलच्या बाहेर ठेवावी. पीएफसेन्समध्ये संपूर्ण विन्यास एकाच एक्सएमएल फाइलमध्ये असतो. मात्र नव्या आवृत्तीची फाइल जुन्या आवृत्तीत भरू नये. म्हणून मागे फिरण्यासाठी विन्यासाबरोबर जुन्या आवृत्तीची प्रतही जवळ असावी. नव्या आवृत्तीसोबतचे निवेदन वाचावे. वर सांगितलेल्या अनेक बदलांची पूर्वसूचना अशा निवेदनांतच असते. दुरून काम करावयाचे असल्यास ‘आयपीटेबल्स-अप्लाय’ किंवा शोअरवॉलमधील ‘सेफ-रीस्टार्ट’ यांचा उपयोग करावा. ठरलेल्या अवधीत प्रशासकाने होकार न दिल्यास या सोयी जुने नियम आपोआप परत आणतात.

बदलानंतर यंत्र एकदा मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करावे. तात्पुरते केलेले बदल तेव्हाच उघड होतात. अन्यथा ते पुढच्या वेळी वीज गेल्यावर, बहुधा गैरसोयीच्या क्षणी, उघड होतात. मोबाइलच्या जोडणीवरून, म्हणजे बाहेरून, आपल्या जालाची तपासणी करून बंद असावयाचे पोर्ट खरोखरच बंद आहेत याची खात्री करावी. नोंदी लिहिल्या जात आहेत काय, हेही पाहावे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे सेवापुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्थांस अशा नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले आहे. महाविद्यालयांनीही हाच दंडक पाळणे हिताचे आहे.

८. समारोप

अद्ययावतीकरणानंतरचे दोष गूढ नसतात. नियमाचा अर्थ, कार्डाचे नाव, गृहीत मूल्य वा नियमसंच यांपैकी काहीतरी बदललेले असते आणि क्रमाने शोधल्यास ते सापडते. अडलेली सेवा स्वतःच तक्रार घेऊन येते. उघडा राहिलेला मार्ग मात्र शोधावाच लागतो. तपासावयाच्या सेवांची एक पानी यादी सर्व विभागांनी मिळून करावी, ती दर सत्राच्या आरंभी सुधारावी, आणि परीक्षेच्या काळात अद्ययावतीकरण करू नये, एवढा संकेत पाळला तरी लहान गावातील महाविद्यालयासही हे काम आपल्या बळावर पार पाडता येईल.