सेंटर स्टँड: ताकद हातात नाही, पायात

गेल्या पावसाळ्यात माळशेज घाटात माझ्या अ‍ॅडव्हेंचर बाइकचं मागचं चाक पंक्चर झालं. टायर ट्यूबवाला, म्हणजे चाक काढणं आलंच. आणि गाडीला फक्त साइड स्टँड! खाली दगड लावले, मित्राने गाडी धरली, तेव्हा कुठे काम उरकलं. घरी येऊन आधी सेंटर स्टँड मागवला.

बोल्ट बसवणं सोपं आहे. पिव्हटला ग्रीस लावा, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच टॉर्क द्या. खरी कुस्ती स्प्रिंगशी. पकडीने ओढली आणि निसटली, तर थेट डोळ्यावर. म्हणून गॉगल घालाच. जुगाड असा: स्प्रिंग वाकवून वेढ्यांमध्ये एकेक वॉशर सरकवायचा. ती लांब झाली की हुकात अडकवायची. स्टँड हलवला की वॉशर आपोआप गळतात.

आता गाडी चढवायची कशी? मी आधी हातांनी उचलायला गेलो आणि दोन दिवस कंबर धरून बसलो. सामान उतरवा, गिअर न्यूट्रल, पुढचा ब्रेक सोडा. गाडी सरळ करा. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मग पूर्ण वजन पायावर टाका. शाळेतली तरफ आठवा! हात फक्त दिशा देतात.

तोटा? वजन वाढतं, ग्राउंड क्लिअरन्स कमी होतो. पण चेनला ल्युब मारणं एकदम सोपं. फक्त इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवा, बोटं जपा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!