विधिसंघर्षग्रस्त बालक आणि मनोविकारतज्ज्ञाची भूमिका

दवाखान्यात बालमनोविकारतज्ज्ञ उपचारकर्ता असतो. बाल न्याय मंडळासमोर तो मूल्यमापक ठरतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १५ नुसार १६ ते १८ वर्षे वयाच्या बालकावर अतिगंभीर अपराधाचा आरोप असल्यास त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन केले जाते. हा खटला नव्हे. अपराध घडला की नाही, हे तज्ज्ञाने सांगावयाचे नसते. मात्र बालकावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा काय, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. म्हणूनच मंडळात बालमानसशास्त्राचा वा बालमनोविकारशास्त्राचा पदवीधर नसल्यास तज्ज्ञांचे साहाय्य घेणे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बंधनकारक ठरविले.

असा तज्ज्ञ घडण्याचा मार्ग दीर्घ आहे. एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांचे एम.डी. आणि पुढे बालमनोविकारशास्त्रातील डी.एम.; त्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मोजक्याच संस्था उपलब्ध आहेत. त्यामुळे सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या मानसशास्त्र, विधी व समाजकार्य विभागांनी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या १९६२ पासूनच्या संस्थेशी सहकार्य करून समुपदेशक व सामाजिक तपासणी करणारे कार्यकर्ते प्रशिक्षित करणे अगत्याचे आहे. घाईने लिहिलेल्या अहवालाची किंमत अखेर त्या बालकालाच मोजावी लागते.