निकाल लागतो जांघेत

भिवंडीत मेडिकलवाल्याकडे खाजेचं मलम मागणाऱ्या बाईला खाज नेमकी कुठे आहे, हे कुणी विचारत नाही. तीही सांगत नाही. योनीच्या बाहेरच्या भागाचा, म्हणजे व्हल्व्हाचा, कॅन्सर असा मलमाखाली वर्षानुवर्षं दडून राहू शकतो. निदान झाल्यावर घरच्यांचं सगळं लक्ष त्या गाठीवर. पुढचा निकाल मात्र जांघेत लागतो.

पायाची ठेच पिकली की जांघेत अवधाण येतं. व्हल्व्हातून सुटलेल्या पेशीही लसिकेबरोबर आधी तिथल्याच ग्रंथींत पोचतात. त्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या तर बरं होण्याची आशा चांगली. पण बोटांनी चाचपून ते कळत नाही, सोनोग्राफीतूनही बारीक फैलाव निसटतो.

म्हणून पूर्वी दोन्ही जांघा सरसकट साफ करत, म्हणजे तिथल्या ग्रंथी काढून टाकत. जीव वाचायचे, पण जखमा उसवायच्या, पाय हत्तीपायासारखे सुजायचे. दिवसभर पाय लोंबते ठेवून कांड्या भरणाऱ्या बाईने तो पाय घेऊन कामावर जायचं कसं?

आता गाठ एकच, चार सेंटिमीटरहून लहान आणि जांघ हाताला मोकळी असेल, तर आधी पहिला नाका तपासतात, म्हणजे गाठीकडची लसिका सर्वांत आधी पोचते ती ग्रंथी. गाठीभोवती किंचित किरणोत्सारी टेक्नेशियम आणि निळा रंग टोचतात. यंत्राची कांडी जांघेवरून फिरते. टिकटिक वाढेल तिथे छोटा छेद, आत निळी पडलेली ग्रंथी. तिचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. २००८च्या ‘ग्रोइन्स-व्ही’ अभ्यासात ४०३ स्त्रिया होत्या. एकच गाठ आणि पहिली ग्रंथी स्वच्छ असलेल्यांपैकी २.३ टक्क्यांना जांघेत रोग परतला. पायाची कायमची सूज फक्त पहिली ग्रंथी काढून थांबलेल्यांत १.९ टक्के, जांघ पूर्ण साफ केलेल्यांत २५.२.

गाठ मधोमध असेल तर दोन्ही जांघा तपासाव्या लागतात. ज्या बाजूला ग्रंथी सापडत नाही, ती साफच करावी लागते. रोग एक मिलिमीटरहून खोल गेला नसेल आणि गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असेल, तर जांघेला हात लावायची गरजच नाही.

खरी गफलत होते ती आधी. ‘छोटीच आहे, काढून टाकू’ म्हणत गाठ अख्खी काढली, की रंग टोचायची नेमकी जागा जाते आणि पहिली ग्रंथी शोधणं अवघड होतं. आधी फक्त तुकडा काढून तपासावा. मग त्याच तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक घेऊन, कल्याणहून लोकल धरून, परळचं टाटा गाठावं.