दारू सोडवली, पण मनाचा आजार तसाच राहिला तर?

व्यसन आणि मानसिक आजार यांचे उपचार सोबतच का करावे लागतात, घरच्यांनी काय करावं, काय टाळावं

चाकण : प्रत्येक गावात अशी दोन-चार घरं असतातच. पोरगा एमआयडीसीत कंत्राटावर होता, दारूच्या नादात काम सुटलं. घरच्यांनी उसनेपासने करून व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. महिना-दीड महिन्याने माणूस अंगाने भरून घरी आला. आळंदीला जाऊन माळ घातली. पंधरा दिवस बरे गेले आणि सोळाव्या दिवशी पुन्हा बाटली. मग गाव म्हणतं, "याची नियतच नाही." घरचे म्हणतात, "पैसे पाण्यात गेले."

पण बऱ्याचदा नियत खोटी नसते. दारू सुटलेली असते, पण दारूच्या खाली दबलेला दुसरा आजार तसाच राहिलेला असतो. तो कधी उदासीचा आजार असतो, कधी सततची भीती, कधी संशय, कधी कानात आवाज येणं. त्याकडे कोणी पाहिलंच नाही, तर माणूस पुन्हा दारूकडेच जातो.

हे किती जणांत असतं?

अमेरिकेत सुमारे २० हजार लोकांची पाहणी करून १९९० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना आयुष्यात कधी ना कधी दारूचं व्यसन जडलं, त्यातल्या साधारण ३७ टक्के लोकांना दुसरा एखादा मानसिक आजारही होता. इतर अमली पदार्थांच्या व्यसनात हे प्रमाण ५३ टक्के निघालं. म्हणजे दोन्ही आजार एकाच माणसात असणं ही दुर्मीळ गोष्ट नाही.

आपल्या देशात तर उपचारापर्यंत पोचणारेच कमी. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात साधारण १६ कोटी लोक दारू पितात आणि ५ कोटी ७० लाखांना दारूमुळे मदतीची गरज आहे. पण दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांत फक्त एकाने कुठला तरी उपचार घेतल्याचं सांगितलं.

कांद्यावरचा करपा आठवा

चाकणच्या बाजारात कांदा नेणाऱ्या शेतकऱ्याला हे लगेच समजेल. कांद्यावर फुलकिडे आले की पात खरवडली जाते, आणि त्याच जखमेतून करप्याची बुरशी आत शिरते. नुसतं बुरशीनाशक मारलं आणि फुलकिडे तसेच ठेवले, तर आठ-दहा दिवसांत करपा पुन्हा दिसतो. नुसते फुलकिडे मारले तरी लागलेला करपा जात नाही. दोन्हीचा बंदोबस्त सोबतच करावा लागतो.

माणसाचंही तसंच. झोप येत नाही, छातीत धडधडतं, म्हणून माणूस एक क्वार्टर घेतो. त्या रात्री बरं वाटतं. पण दारू मेंदूचं काम मंदावते. रोज घेतली की झोप आणखी बिघडते, उदासी वाढते, दुसऱ्या दिवशी घबराट जास्त होते. मग ती घालवायला पुन्हा दारू. आजार दारूला खेचतो आणि दारू आजाराला वाढवते.

गांजाचीही तीच गत. ज्यांच्या घरात आधी कोणाला वेडसरपणाचा आजार झालाय, अशा तरुण पोरांनी गांजा ओढला तर भास आणि संशय सुरू होण्याचा धोका वाढतो. मग लोक म्हणतात बाहेरचं झालं, आणि घरचे देवऋषीकडे पळतात. त्यात महिने जातात.

या पट्ट्यात जास्त जपायला का हवं?

भोसरीपासून चाकण, महाळुंगे, निघोजेपर्यंत कारखाने तीन पाळ्यांत चालतात. आठवड्याला पाळी बदलली की झोपेचं घड्याळ बिघडतं, आणि झोप बिघडली की मनाचे आजार डोकं वर काढतात. त्यात कंत्राटी काम, उद्या गेटवर घेतील का याची काळजी. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली पोरं एका खोलीत सात-आठ जण राहतात. आजारी पडलं तर घरचं माणूस जवळ नसतं.

दुसरीकडे ज्यांच्या जमिनी कारखान्यांत गेल्या, त्यांच्या घरात पैसा आला पण हाताचं काम गेलं. रिकामा वेळ, हातात पैसा आणि मनात जमीन गेल्याची सल, हे मिश्रण वाईट. पिणारा कोणत्याही घरातला असो, त्याच्या मनात काय चाललंय हे विचारणारं कोणी नसतं.

आधी दारू की आधी आजार?

डॉक्टर हा प्रश्न पहिल्यांदा विचारतात, कारण त्यावर उपचार ठरतो. दारूमुळेच आलेली उदासी दारू थांबल्यावर बहुतेक वेळा दोन ते चार आठवड्यांत ओसरते. महिना उलटूनही ती तशीच राहिली, किंवा दारू सुरू होण्याच्या आधीपासून होती, तर तो वेगळा आजार समजून त्याची औषधं द्यावी लागतात.

म्हणून डॉक्टरकडे जाताना घरच्यांनी काही गोष्टी आठवून, लिहून न्याव्यात :

– दारू किंवा गांजा सुरू होण्याआधी स्वभाव कसा होता?
– मधे दारू बंद होती, तेव्हाही उदास, घाबरा किंवा संशयी होता का?
– कधी चार-पाच दिवस न झोपता खूप बडबड, उधळपट्टी, मोठमोठ्या गोष्टी केल्या का?
– एकटाच बोलतो, हसतो का? जेवणात काही घातलंय असं म्हणतो का?
– मरणाच्या गोष्टी करतो का?
– नात्यात कोणाला असा आजार होता का?

डॉक्टरपासून काही लपवू नका. दारूवर झोपेच्या गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. तो काय काय घेतो, हे डॉक्टरला माहीत असलंच पाहिजे.

दोन्ही उपचार सोबत म्हणजे नेमकं काय?

पूर्वी सगळीकडे एकच रीत होती. मनोविकार डॉक्टर म्हणायचे, आधी दारू सोडून या. व्यसनमुक्तीवाले म्हणायचे, आधी डोक्याचा इलाज करून या. रुग्ण दोन दारांच्या मधे उभा. आता एकाच ठिकाणी, एकाच डॉक्टरांच्या चमूने दोन्ही आजार पाहावेत, ही पद्धत चांगली मानली जाते.

पहिला टप्पा शरीरातून दारू उतरवण्याचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर काही तासांत हात थरथरतात, घाम येतो. काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. म्हणून खोलीत कोंडून दारू सोडवू नका. हे डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन करतात.

दुसरा टप्पा मनाच्या आजाराच्या औषधांचा. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. या गोळ्यांची नशा चढत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय मात्र लागते, त्या डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस.

तिसरा टप्पा समुपदेशन आणि पाठपुरावा. हा सगळ्यात लांब चालतो आणि इथेच बहुतेक घरं कंटाळतात. पुन्हा एकदा प्यायला तर उपचार फुकट गेला असं नसतं. साखरेच्या रुग्णाची साखर वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही, डॉक्टरकडे नेतो. इथेही तेच.

पुण्यातलंच उदाहरण

येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालं. ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट या येरवडा मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. गर्दच्या व्यसनावर त्यांचे पती अनिल अवचट यांनी लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत केली, आणि मनोरुग्णालयाच्याच आवारात केंद्राचं काम सुरू झालं. पिणारा माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हा विचार तिथे पहिल्यापासून आहे. तिथे रुग्णासोबत घरच्यांशीही बोलतात, कारण नवऱ्याच्या दारूने बायकोचं मनही खचलेलं असतं.

हे मात्र करू नका

भिंतींवर, मोबाईलवर जाहिराती दिसतात, "रुग्णाला न सांगता दारू सोडवा". जेवणात गुपचूप पावडर कालवू नका. त्यात काय आहे हे कळत नाही. दारू नकोशी करणारं डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. पण ते पोटात असताना दारू प्याली तर उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणं असे प्रकार होतात आणि हृदयाच्या रुग्णाचा जीव जाऊ शकतो. ज्याला भास-संशयाचा आजार आहे त्याला तर ते फारच जपून द्यावं लागतं. रुग्णाची संमती आणि डॉक्टरची चिठ्ठी, दोन्ही हवं.

माळ घातली, चांगलंच आहे. माळेच्या आधाराने दारू सोडलेले वारकरी या भागात कमी नाहीत. पण गोळ्या चालू असतील तर माळेसोबत त्याही चालू ठेवा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकांना जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. गोळ्या बंद कर असा सल्ला सदस्यांनी देऊ नये, ही त्या संघटनेचीच भूमिका आहे.

आणि एक गोष्ट आजच करा. घरात असा रुग्ण असेल तर तणनाशक, कीटकनाशक कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. दारूच्या भरात आलेला मरणाचा विचार काही वेळाने ओसरतो, पण तेवढ्या वेळात औषधाची बाटली हाताशी नको. मरणाबद्दल विचारल्याने कोणी मरत नाही, उलट मन मोकळं होतं. सरळ विचारा.

कायदा आणि खर्च

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला. दारू आणि अमली पदार्थांशी संबंधित मानसिक त्रासही त्यात मानसिक आजार म्हणून धरलाय. रुग्णाला साखळीने बांधायला या कायद्याने बंदी आहे. केंद्रात भरती करण्याआधी विचारा : नोंदणी आहे का? मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात? घरच्यांना भेटू देतात का? उत्तर टाळलं किंवा "मारून सरळ करतो" असं म्हटलं, तर तिथून परत फिरा.

विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावं, असंही हा कायदा सांगतो. ज्यांचा ईएसआय कापला जातो, त्यांनी कार्ड घेऊन आधी आपल्या दवाखान्यात जावं आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी मागावी.

मदत कुठे?

– टेली मानस : १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही बोलतात.
– व्यसनासाठी राष्ट्रीय मदत क्रमांक : १४४४६.
– फिट आली, भ्रम झाला किंवा विष घेतलं : लगेच १०८.
– पुण्यात ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोणत्या वारी येतात, ते विचारून घ्या. आशाताईंनाही विचारता येईल.

डॉक्टरसमोर बसल्यावर "दारू सोडवा" एवढंच म्हणून थांबू नका. "याचं मनही तपासा" असं सांगा. घरच्यांनी हे एक वाक्य बोललं, तरी पुढचा उपचार योग्य वाटेला लागू शकतो.